मालकाच्या स्वतःच्या गरजेसाठी

४ सप्टेंबर

मागची खोली भाड्याने द्यायचं आज ठरवलं. मी ठरवलं आणि हिला सांगितलं. ही "बरं" म्हणाली. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच एकमताने होतात.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून सहा वर्षं ती खोली धूळ खात पडली आहे. जेवण झाल्यावर टेप लावून मोजली. दहा फूट चार इंच बाय अकरा फूट दोन इंच. स्वतंत्र दार, मोठी खिडकी, लागूनच न्हाणीघर. वजनमापं खात्यात पस्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस अंदाजपंचे बोलत नाही. भाड्यावाचून आमचं काही अडलेलं नाही, दोघांनाही पेन्शन आहे. पण वापरात नसलेली जागा बघितली की मला अस्वस्थ होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईने आता कायमचं तिच्याकडे राहायला यावं, हे तिचं पुन्हा सुरू झालंय. फक्त आईने. "बाबांना त्यांच्या घराशिवाय चैन पडायची नाही," असंही म्हणाली म्हणे, आणि ते खरंच आहे. ही "बघते" म्हणाली. ही कुठे जाते!

ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. दिवसभर बोलून बोलून घसा बसायचा. म्हणून घरी आल्यावर तिला बोलायचा त्रास मी कधी दिला नाही. ती रिटायर झाली तरी मी हे पाळतो.

१० सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या दलालाला काम दिलं. त्याला सगळे 'झालंच समजा' म्हणतात, कारण काहीही सांगितलं तरी तो तेच म्हणतो. आज त्याने तीन पार्ट्या पाठवल्या.

पहिला बँडमध्ये भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा. घरी फक्त श्वासाचा सराव करतो म्हणाला, आणि करून दाखवला. शेजारचं कुत्रं अजून पलंगाखालून बाहेर आलेलं नाही.

दुसरं नवीन लग्न झालेलं जोडपं. खोली आवडली, खिडकी आवडली. त्यातल्या नव्या नवरीने मला विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर घरीच असता?" मी अभिमानाने हो म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कळवतो म्हणाले.

तिसरा जमिनी मोजणारा सर्व्हेअर. त्याने खिशातून स्वतःची टेप काढली आणि दहा फूट साडेतीन इंच भरतात म्हणाला. माझ्याच घरात माझ्या टेपवर संशय! त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तो गेल्यावर पुन्हा मोजलं. (साडेतीन आणि चारच्या मधे कुठेतरी आहे. हे या वहीबाहेर जाणार नाही.)

१४ सप्टेंबर

भाडेकरूसाठी नियम लिहून काढले. सत्तावीस झाले. पंखा दोनच्या पुढे नाही. धूळ येते म्हणून खिडकी बंद. रेडिओ आठपर्यंत, तोही हळू. फर्निचर जागचं हलवायचं नाही. पाहुणे येणार असतील तर आधी सांगायचं, आणि आल्यावर हसणं-खिदळणं बेताचं. सगळे वापरून पाहिलेले नियम आहेत, या घरात अडतीस वर्षं चालू आहेत.

हिला वाचायला दिले. तिने मधूनच कागद मिटून परत केला.

"पूर्ण वाच की," मी म्हटलं.

"पाठ आहेत मला," ही म्हणाली.

बरं वाटलं. आपण केलेल्या कामाकडे कुणाचं तरी लक्ष असतं.

१७ सप्टेंबर

दलालाने नियम वाचले आणि डोकं धरून बसला.

"साहेब, या अटींवर फुकट दिलीत तरी मांजरसुद्धा राहणार नाही. आजकाल भाडेकरूला हक्क द्यावे लागतात. पैसे मोजतो तो, सही करतो."

मी विचारात पडलो. एक पारडं जड ठेवणाऱ्या दुकानदारांना मी जन्मभर दंड केला, आणि आता स्वतःच्याच करारात पारडं झुकवून बसलो होतो. हे माझ्या स्वभावात बसत नाही. लगेच बसून करार नव्याने लिहिला. भाडेकरूला पंखा हवा तितका, खिडकी हवी तेव्हा उघडी. फर्निचर हवं तसं मांडावं. पाहुण्यांना मोकळीक. मालकाने दार वाजवल्याशिवाय आणि आतून 'या' ऐकू आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. खोली तपासायची असेल तर एक दिवस आधी लेखी कळवायचं, तेही महिन्यातून एकदाच. स्वयंपाकघर सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ भाडेकरूच्या ताब्यात. भाडेकरूने कुठे गेलो, कधी येणार, हे सांगण्याचं बंधन नाही.

हा करार हिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग खिडकीपाशी उजेडात नेऊन तिसऱ्यांदा.

"हे सगळं भाडेकरूला मिळणार?"

"लेखी आहे म्हटल्यावर मिळणारच."

"नुसतं भाडं दिलं की?"

"आणि सही केली की."

"बरं," ही म्हणाली. तिला करारात इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

पार्टी मिळाली! दलाल म्हणाला, झालंच समजा, आणि या वेळी खरंच झालं. रिटायर झालेल्या बाई आहेत, एकट्याच राहणार, स्वतःची पेन्शन, गोंगाट नाही, व्यसन नाही. कराराचं एक अक्षरही बदलायला सांगितलं नाही. वर्षाचा करार, आगाऊ भाडं पाकिटातून पोचतं केलं. खोली बघायला कधी येतात विचारलं, तर दलाल म्हणाला, "बघितल्यासारखीच आहे म्हणाल्या." अशी विश्वासू माणसं हल्ली दुर्मिळ.

आडनाव आमचंच निघालं. म्हणजे घराणं चांगलं असणार. नावसुद्धा हिचंच. हा योगायोग हिला सांगितला तर म्हणाली, "बाई चांगली वाटते."

एक तारखेला सकाळी दहाला येणार आहेत.

१ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

दहाला पाच मिनिटं असताना इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या दाराशी उभा राहिलो. ही नेमकी तेव्हाच घरात कुठे दिसेना. बरोब्बर दहाला बेल वाजली. दार उघडलं, तर बाहेर ही. हातात सुटकेस.

"अगं, बाजूला हो, पार्टी येतेय," मी म्हटलं.

हिने पर्समधून करार काढला आणि माझ्यापुढे धरला. खाली माझी सही होती आणि तिची सही होती. तिची सही मी बँकेच्या कागदांवर शंभर वेळा पाहिली आहे.

"ही काय थट्टा आहे?"

"सही केली की मिळतं म्हणालात ना? केली सही." मग किल्लीसाठी हात पुढे केला. "द्या, मालक."

मी किल्ली दिली. काय करणार? करार कायदेशीर आहे. मीच लिहिलाय, पळवाट एकही ठेवलेली नाही. दार तिने अगदी हळू लावून घेतलं.

२ ऑक्टोबर

दलालाकडे जाऊन तावातावाने भांडलो. तो म्हणाला, "साहेब, मी बाई एकट्या आहेत म्हणालो. तुमच्या नाहीत असं कुठे म्हणालो?"

सकाळी आठला चहा करायला स्वयंपाकघरात गेलो, तर भाडेकरूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सात ते नऊ. सव्वानऊला स्वतः चहा केला. दोनशे मिलीलीटर पाणी, पाच ग्रॅम चहा, सगळं काट्यावर मोजून. चव कशी होती ते लिहिण्यासारखं नाही. पातेलं घासायला अर्धा तास लागला.

५ ऑक्टोबर

काल एक चूक घडली. वर्तमानपत्रातलं काहीतरी सांगायला सवयीने तडक मागच्या खोलीत शिरलो. भाडेकरू खुर्चीत बसून नुसती खिडकीबाहेर बघत होती. वाचत नव्हती, निवडत नव्हती, शिवत नव्हती. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "कलम सहा."

बाहेर आलो, दार लावलं, दार वाजवलं. आतून काही उत्तर आलं नाही. मिनिटभर उभा राहिलो. 'या' ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे माझंच वाक्य. तसाच परत फिरलो. काय सांगायचं होतं तेही विसरलो.

मी आता भाडेकरूला 'तुम्ही' म्हणायचं ठरवलं आहे. व्यवहार म्हटला की व्यवहार.

११ ऑक्टोबर

मुलीचा फोन. "बाबा, आई कुठेय?"

"भाडेकरू बाहेर गेल्यात. कुठे ते सांगायचं बंधन नाही."

तिने एक सुस्कारा सोडला. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीय ना, आईचं एक तारखेचं तिकीट काढलं होतं मी? एकमार्गी. तिने आदल्या आठवड्यात रद्द केलं. म्हणाली, एकदा हे करून बघते, मग ठरवते."

मी म्हटलं, "तिकीट रद्द केलं तर थोडे पैसे कापून घेतात." मुलीने फोन ठेवला. चिडकी आहे, कुणावर गेली आहे कळत नाही.

१६ ऑक्टोबर

भाडेकरूने शेजारी म्हणून झाकलेल्या वाटीत भाजी पाठवली. म्हणजे स्वतःच आणली, दारात ठेवली, बेल वाजवली आणि निघून गेली. पंधरा दिवसांनी घरचं चवीचं तोंडात पडलं. डोळ्यात पाणी आलं, ते मिरचीमुळे. रिकामी वाटी परत करणं बरं दिसत नाही, म्हणून तिच्यात दोन बटाटे घालून दाराशी ठेवले. एकशे चाळीस आणि एकशे पंचावन्न ग्रॅम. त्यातल्या त्यात चांगले निवडले.

२० ऑक्टोबर

आज भाडेकरूकडे पाहुण्या आल्या. एक्स्चेंजमधल्या दोन मैत्रिणी. एकीचा आवाज एवढा की तिला टेलिफोनची गरज कधी पडली असेल कळत नाही. दुसरी प्रत्येक वाक्यानंतर "हॅलो?" म्हणते. तिघी एकदम बोलतात आणि तिघींना सगळं ऐकू येतं. एकमेकींना त्या नावाने हाकच मारत नाहीत, एक्स्चेंजमध्ये जी ज्या बोर्डावर बसायची त्याच्या नंबराने मारतात. मोठ्या आवाजाची ती बोर्ड चार. हॅलोवाली बोर्ड सात. भिंतीला कान लावण्याची गरज नव्हती, तरी ओल तपासण्यासाठी मी काही वेळ भिंतीजवळ उभा होतो.

आमची ही बोर्ड दोन. हे मला आज कळलं.

वादळ झालं त्या साली सगळ्या लाइन पडल्या आणि बोर्ड दोनने एकटीने एकोणीस तास बसून दवाखान्याचे फोन जोडून दिले, ही गोष्ट बोर्ड चार सांगत होती. मग कशावरून तरी तिघी हसायला लागल्या. घड्याळ लावलं. अकरा मिनिटं हसत होत्या. हिचं हसणं ओळखायला मला जरा वेळ लागला.

२१ ऑक्टोबर

संध्याकाळी मागच्या पायरीवर भाडेकरू भेटली. मी विचारलं, "ते एकोणीस तासांचं खरं आहे का?"

"खरं आहे."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, दूध कोण मोजून घेणार होतं."

असं मी विचारलं असणं शक्य आहे.

२९ ऑक्टोबर

एक दिवस आधी लेखी कळवून खोलीची रीतसर तपासणी केली. दार वाजवलं. "या" ऐकू आलं. आत गेलो.

पंखा चारवर. खिडकी सताड उघडी. दोन्ही करारानुसार असल्याने नोंद केली नाही. पण पलंग! तो भिंतीला लागून नाही, खोलीच्या मधोमध तिरका ठेवलाय. एक कोपरा खिडकीकडे, एक दाराकडे. पलंगाचा कोणत्याही भिंतीशी काटकोन होत नाही. मला घेरी आल्यासारखं झालं.

"हा असा का?"

"मला तिरका आवडतो. पडल्या पडल्या आभाळ दिसतं."

"कधीपासून आवडतो?"

"लग्नाच्या आधीपासून."

मी तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक' असं लिहिलं आणि सही घेतली. सही करताना तिने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. या घरात मला पाहुण्यासारखं कुणी वागवलं नव्हतं. छान वाटलं, आणि जरा विचित्रही.

७ नोव्हेंबर

आता रोज साडेपाचला आम्ही पायरीवर बसतो. मालक-भाडेकरू संबंध सलोख्याचे असलेले बरे. आज तिने विचारलं, खात्यातला सगळ्यात लबाड दुकानदार कोण? मी तराजूखाली लोहचुंबक लावणाऱ्याची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग मी विचारलं, "तुमचा सगळ्यात त्रासदायक फोन कुठला?" तर एक गृहस्थ रोज स्वतःच्याच नंबरला जोडून द्या म्हणायचे, आणि लाइन बिझी येते म्हणून तक्रार करायचे. तिने त्यांची हुबेहूब नक्कल केली. मी इतका हसलो की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

किती बोलते ही बाई! आणि किती छान बोलते. अडतीस वर्षांत मला याचा पत्ता नव्हता.

१८ नोव्हेंबर

साडेपाच वाजायची दिवसभर वाट बघतो. साडेसहाला ती उठते, "येते हं मालक," म्हणते आणि दार लावून घेते. मग मी एकटाच पुढच्या खोलीत. एवढा मोठा पलंग आता सगळा माझा आहे, तरी मी आपला डाव्या कडेलाच झोपतो. शांतता मला पहिल्यापासून आवडते. पण ही शांतता जरा जास्त झाली आहे.

२३ नोव्हेंबर

आज एकदम सुचलं. इतकी छान बोलणारी बाई भिंतीपलीकडे कशाला? अलीकडेच हवी. करार तर माझ्या हातात आहे! मालक आठ दिवसांची नोटीस देऊन खोली रिकामी करून घेऊ शकतो, कलम एकवीस. खोली रिकामी झाली की भाडेकरू संपली, आणि भाडेकरू संपली की ही आपोआप पुढच्या खोलीत. मग साडेपाचची वाट बघायला नको. मीच माझ्या हुशारीवर खूश झालो.

नोटिशीत कारण द्यावं लागतं. कायद्याच्या पुस्तकात एक चोख वाक्य सापडलं, 'मालकाच्या स्वतःच्या गरजेसाठी'. माझ्या गरजेसाठीच तर आहे. सुवाच्य अक्षरात लिहिली, जावक क्रमांक घातला आणि दाराखालून आत सरकवली. तिला आश्चर्याचा सुखद धक्का बसेल. पुढच्या खोलीतला पंखा तीनवर करून ठेवला आहे.

२४ नोव्हेंबर

पोच मिळाली. 'नोटीस मिळाली', खाली सही, तारीख. बाकी काही नाही. साडेपाचला पायरीवर आली नाही. आवराआवर चालली असणार.

२६ नोव्हेंबर

आजही पायरीवर नाही. आत सामान हलवल्याचे आवाज आहेत. मी पुढच्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं केलं.

२९ नोव्हेंबर

सकाळी बोर्ड चार आली, आणि भाडेकरूकडे न जाता सरळ माझ्याच दारात उभी राहिली.

"अहो, तुम्हाला काही कळतं का?" तिचा आवाज पार चौकापर्यंत गेला असेल. "बाईला घराबाहेर काढता?"

"घराबाहेर कुठे?" मी म्हटलं. "पुढच्या खोलीत येतेय ती."

"ती लेकीकडे चाललीय! परवाची गाडी आहे! कायमची!"

मागच्या दाराशी पळतच गेलो. दार उघडंच होतं. तरीही वाजवलं. "या," ती म्हणाली.

सुटकेस भरलेली होती. पलंग तिने जागच्या जागी, भिंतीला लावून ठेवला होता, ताबा देताना खोली होती तशी द्यायची म्हणून. तो सरळ पलंग बघून मला रडू फुटायची वेळ आली.

"मी खोली रिकामी करायला सांगितली होती," मी म्हटलं. "म्हणजे तू, तुम्ही, पुढे..."

"खोली सोडली की मी पुढच्या खोलीत येईन, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं. मोजल्याशिवाय काही न धरणारा माणूस मी!

"अहो," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मालक न म्हणता अहो म्हणाली. "एक तारखेला मी जाणारच होते. बॅग भरून तयार होती. तुमचा करार वाचला आणि वाटलं, या घरात एका माणसाला असं वागवलं जाणार आहे, तर ते माणूस एकदा आपण होऊन बघावं. या दोन महिन्यांत मला इथून जावंसं वाटलं नाही. आणि तुम्ही नोटीस दिलीत."

"मागे घेतो नोटीस. आत्ता फाडतो."

"फाडून कसं चालेल? जावक क्रमांक आहे तिला. लेखी दिलीत, मागेही लेखीच घ्या. भाडेकरूच्या संमतीसाठी अर्ज करा. कारण लिहा."

तिच्या तोंडावर रागही नव्हता आणि हसूही नव्हतं. ती खरंच सांगत होती.

३० नोव्हेंबर

सकाळपासून अर्ज लिहितोय. उद्या दुपारी दोनची गाडी आहे.

पहिल्या अर्जात कारण लिहिलं, 'दुसरा योग्य भाडेकरू मिळणे अवघड'. दाराखालून आत सरकवला. दहा मिनिटांत परत आला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कारण पटत नाही.'

दुसऱ्यात लिहिलं, 'भाडेकरूचे वर्तन उत्तम, भाडे वेळेवर'. परत. 'हे प्रशस्तिपत्र झाले.'

तिसऱ्यात लिहिलं, 'खोली बंद राहिल्यास भिंतींना ओल येण्याचा संभव'. हा पाच मिनिटांतच परत आला, आणि या वेळी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. 'भिंतींची काळजी भिंतींना सांगा.'

पस्तीस वर्षं मी लोकांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. मुदत सात दिवस. लोक हात जोडून उभे राहायचे आणि मला वाटायचं, कारण लिहायला काय लागतं?

दुपारी जेवलो नाही. पुढच्या खोलीत बसून चौथा कागद घेतला. उद्या दोननंतर हे घर कसं असेल ते डोळ्यासमोर आणून बघितलं. खोल्या तेवढ्याच, मापं तीच, आणि साडेपाच रोज वाजणार. भीती वाटली. आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. ती कागदावर कशी लिहायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. 'विषय', 'संदर्भ' सगळं नीट लिहिलं. 'कारण' असं लिहून पुढे दोन टिंबं दिली आणि तासभर त्या टिंबांकडे बघत बसलो. शेवटी दोनच शब्द लिहिले.

कारण: करमत नाही.

खाली सही केली. हुद्दा लिहिला नाही. कागद आत सरकवला आणि दाराशीच जमिनीवर बसून राहिलो. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. कागद परत येईना. मग आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. सुटकेस आहे की पलंग, ते आवाजावरून ओळखता येईना.

पाचच्या सुमाराला कागद बाहेर आला. माझ्या सहीखाली तिचं अक्षर होतं, या वेळी शाईने.

'अर्ज एक वर्षापुरता मंजूर. मालकाने आपले वागणे करारानुसार ठेवावे. पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा. हेच कारण पुन्हा चालणार नाही.'

१ डिसेंबर

दोनची गाडी गेली. इथून तिचा भोंगा ऐकू येतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. भाडेकरू तेव्हा न्हाणीघरात केस धूत होती आणि मोठमोठ्याने गात होती. सूर फारसा लागत नाही. तक्रार नाही.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा, वर्ष बघता बघता जाईल. पुढच्या वेळी काय लिहिणार?"

तेच डोक्यात होतं. कारण नवीन लागणार, आणि आयत्या वेळी माझं काय होतं ते काल बघितलं. म्हणून दुपारीच या वहीच्या शेवटच्या पानावर कच्चं लिहायला घेतलं. वाटलं होतं, एखादं सुचलं तरी पुरे. संध्याकाळपर्यंत चौदा झाली. पान भरलं, म्हणून आता मागचं पान घेतलं आहे.